लाँग शॉटही आतून हलवतो
सिनेमात भावना दाखवायची तर क्लोजअपच (चेहरा अगदी जवळून दाखवणारा शॉट) हवा, हे मत मला पटत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट' हा चित्रपट पाहा. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांबच, स्थिर उभा. न्यायाधीश, वकील, आरोपी, बाकांवरचे लोक सगळे एकाच चौकटीत. कुणाकडे पाहायचं ते आपण ठरवायचं. तिथे सारखा आरोपी नारायण कांबळेंच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेला असता तर गोष्ट एकट्या माणसाची झाली असती आणि त्याला गिळणारी ती रटाळ व्यवस्था चौकटीबाहेर राहिली असती.

क्लोजअप वापराच, पण राखून. प्रत्येक वाक्याला चेहरा दाखवला (मालिकांत हे सर्रास होतं) तर खरी गरज येते तेव्हा आणखी जवळ जायला जागाच उरत नाही. शूटिंगआधी प्रत्येक सीनपुढे एवढं लिहून ठेवा: इथे प्रेक्षक कुणाच्या शेजारी बसलाय?