मदत हवी आहे: मशीन म्हणतं रंग जुळला, डोळा म्हणतो नाही

मंडळी, पैठणच्या हातमागासाठी रेशमाच्या लडी ॲसिड डायने (आम्लयुक्त पाण्यात चढणाऱ्या रंगाने) रंगवतो. जुन्या वांगी रंगाच्या नमुन्याशी नवी लडी जुळवायची आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग मोजायच्या यंत्रावर) डी६५ प्रकाश (प्रमाणित दिवसाउजेड), १० अंशांचा निरीक्षक (सरासरी नजरेचं प्रमाणित मॉडेल) धरून डेल्टा ई २००० (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) फक्त ०.६ येतो. दिवसाउजेडीही फरक दिसत नाही. पिवळ्या बल्बखाली मात्र नवी लडी लालसर मारते. तिथे यंत्रही ३.१ दाखवतं. म्हणजे मेटामेरिझम (एका प्रकाशात जुळणारे रंग दुसऱ्यात वेगळे दिसणं), हे उघड आहे. दोन्हींचे परावर्तन वक्र (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परततो त्याचे आलेख) ६०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे लाल भागात, वेगळे जातात. जुन्या नमुन्यात कोणते डाय होते, याची नोंद नाही.

रेशमाची चमक हा वेगळाच ताप. सूत कार्डावर सारख्या ताणाने, मागचं कार्ड दिसणार नाही इतकं दाट गुंडाळतो, ९० अंशांनी फिरवत चार रीडिंग घेऊन सरासरी काढतो. तरी एल (उजळपणाचा आकडा) सुमारे १.५ ने हलतो.

विचारायचं असं: रेसिपी काढताना डी६५, ए (पिवळ्या बल्बचा प्रमाणित प्रकाश) आणि दुकानातला एलईडी यांना किती वजन देता? निळा डाय बदलून वक्र जवळ आणता येईल का? चमक धरून मोजावं की वगळून? माझा कल वगळण्याकडे आहे, कारण डोळा लडी तिरकी करून चमक टाळतोच.