एआरमधली गाडी दारात उभी राहते, गिऱ्हाईक उठून जातं. कुणी वापरलंय का हे?

सात रस्ता (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका कार शोरूमला सेल्समध्ये आहे, अकरा वर्षं झाली. ब्रँडचं नाव घेत नाही, पोटाचा प्रश्न आहे.

वरून एक ॲप आलंय. गाडी थ्रीडीत फिरवा, रंग बदला, दारं उघडा, आणि फोनचा कॅमेरा जमिनीकडे धरला की गाडी तुमच्या अंगणात उभी. ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजेच एआर. दिसतं झकास, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून संध्याकाळच्या मीटिंगला पहिला प्रश्न एकच, "आज डाउनलोड किती?" टेस्ट ड्राइव्ह किती झाल्या हे विचारायचं बंदच झालंय. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल टाकला होता. पोरं यायची, होम मैदानाच्या धुळीत लाल गाडी उभी करायची, बोनेटला टेकल्यासारखा फोटो काढायचा आणि भज्यांकडे. चार दिवसांत बुकिंग एक, आणि तो माणूस आधीच ठरवून आला होता.

आता खरा किस्सा. भवानी पेठेतले एक रिटायर्ड मास्तर. आयुष्यातली पहिली गाडी घेणार, बोळातलं घर. मी गेलो, माझ्याच फोनवर लावलं. शहाबादी फरशीवर गाडी पटकन उभी राहिली. पण पुढचं चाक शेजाऱ्याच्या ओट्यातून आरपार. समोर लावलेली स्कूटर गाडीच्या पोटात गडप. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, ही तर त्यांच्या स्वयंपाकघरात गेली की." हसलो सगळे. तेवढ्यात नातवाने दोन बोटांनी स्क्रीन चिमटली आणि गाडी पाटाएवढी झाली. मास्तरांनी चष्मा वर केला, "म्हणजे हे माप खरं नाहीच?"

मी गप्प. मग म्हणाले, "टेप आहे का?" टेप नव्हता.

त्यानंतर आठ दिवस फोन नाही. तर ज्यांनी वापरलंय त्यांना विचारतो, ह्या खेळण्याने गाडी विकते का? आणि मॅनेजरला काय सांगू?

पुण्यातला सोलापूरकर

मी हेच काम करतो, म्हणून थोडं लांबड लावतो. ॲपलचं एआरकिट २०१७ ला आलं, गुगलचं एआरकोर २०१८ ला. फोनवर एआर चालवणारी ही सॉफ्टवेअरं, तुमचं ॲप बहुतेक ह्याच दोघांवर चाललंय. कॅमेऱ्याला जमिनीवर डाग, सांधे, चिरा, असं काहीतरी ओळखीचं लागतं. ते ठिपके धरून आणि फोन किती हलला हे त्याच्यातल्या सेन्सरला विचारून जमीन कुठंय हे ठरतं. शहाबादी फरशीला सांधेही आहेत आणि डागही, म्हणून पटकन बसली. तुमच्या शोरूमच्या पांढऱ्या चकचकीत टाइलवर हेच करून बघा, गाडी बर्फावर ठेवल्यासारखी घसरेल.

ओट्याचं म्हणाल तर साध्या ॲपला फक्त जमीन कळते. ओटा पुढे आहे की मागे हे कळायला कोणती वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे याचा अंदाज लागतो. ती सोय अलीकडच्या बऱ्याच फोनांत आहे, पण ॲप बनवणाऱ्याने ती वापरली पाहिजे ना. नाहीतर गाडी सगळ्यांच्या अंगावर चढते.

आणि चिमटीने लहान-मोठं होणं हा सरळसरळ बनवणाऱ्याचा गाढवपणा. खेळण्यात चालतं, गाडीत नाही. गाडी खऱ्या मापात कुलूपबंद पाहिजे. कंपनीला हे एवढं तरी कळवा. तोवर गाडी ठेवण्याआधी फोन हळू डावी-उजवीकडे चार पावलं फिरवा, माप त्यातल्या त्यात बरं बसतं. तरी सेंटीमीटरची हमी नाही हो. स्वस्त फोनात जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळतोय ते ओळखणारा सेन्सर, नसेल तर हा प्रकार उघडणारच नाही, गिऱ्हाइकाला उगाच खजील करू नका.

खरं सांगू? मला ह्यात पटलेली गोष्ट विक्रीनंतरची. ह्युंदाईने २०१५ ला अमेरिकेत सोनाटासाठी एआर मॅन्युअल काढलं होतं. बोनेट उघडून फोन धरला की ऑइल कुठं बघायचं ते त्याच जागेवर दिसायचं. तो जाडा ठोकळा कोण वाचतंय इथं?

जाहिरातवाले काका

ॲपने गाडी विकायचं खूळ नवं नाही. २००९ ला फोक्सवॅगनने अमेरिकेत नवी जीटीआय टीव्हीवर न झळकवता आयफोनवरच्या एका रेसिंग गेममधून बाजारात आणली. २०१० ला मिनीने स्टॉकहोममध्ये त्याहून गंमत केली. फोनवरच्या नकाशात एक आभासी मिनी. तिच्या पन्नास मीटरच्या आत गेलं की ती तुमची, आणि तुमच्या पन्नास मीटरच्या आत दुसरा आला की त्याची. आठवड्याच्या शेवटी जिच्याकडे ती, त्या व्यक्तीला मिनीची खरी कंट्रीमन गाडी. सोलापुरात कन्ना चौकात हे केलं तर काय होईल याची कल्पना करा, मी हसतोय एकटाच.

आणि आपल्याकडे सप्टेंबर २०१० मध्ये फोक्सवॅगनच्याच व्हेंटो गाडीची जाहिरात पेपरातून बोलली होती. टाइम्स ऑफ इंडिया आणि हिंदूत शेवटच्या पानावर चिप चिकटवलेली, पान उघडून उजेड पडला की बडबड सुरू. आमच्या घरी ती कचऱ्याच्या डब्यातही बोलत होती.

सांगायचं काय, तिथं कुणी पेपर हातात देऊन "आता बुकिंग करा" म्हणत नव्हतं. चार लोकांच्या तोंडी नाव बसलं की काम झालं. तुमच्या गड्ड्याच्या पोरांनीही तेच केलं. त्या फोटोंत गाडीचं नाव दिसतं का ते बघा, दिसत असेल तर स्टॉल वाया गेला नाही. पण मास्तरांच्या दारात जाहिरात लागतच नव्हती. त्यांचं मन तयार होतं, जागा तयार आहे का हे त्यांना बघायचं होतं.

जुळे सोलापूर

गिऱ्हाईक म्हणून बोलतो. मागच्या वर्षी असंच एक ॲप घेतलं. कॅमेऱ्याची परवानगी मागितली, समजू शकतो. कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत? नंबर टाकल्याशिवाय गाडीच उघडेना. टाकला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेत पाच फोन. ॲप काढून टाकलं, फोन काही थांबले नाहीत. डाउनलोड मोजणाऱ्यांनी हे पण मोजावं.

मापाचं म्हणाल तर ब्रोशरमधली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून असते, हे कुणी सांगत नाही. लांबीला मात्र एक सोपी खूण आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना २००६ पासून करात सवलत मिळाली, म्हणून इतक्या गाड्या ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबतात. आमचं पोर्च साडेतेरा फूट. गाडी बसली, पण फाटक आतल्या बाजूला उघडतं हे लक्षातच आलं नव्हतं. एआरमध्ये फाटक लावून कोण बघतं? आता ते बाहेर उघडणारं करून घेतलंय, वेल्डरचे वेगळे.

चटणी भाकरी

काय बे, अकरा वर्षं सेल्सला आणि खिशात टेप नाही?

सात रस्ता

@चटणी भाकरी, बसला टोमणा. दुसऱ्याच दिवशी पाच मीटरचा टेप घेतला, बाइकच्या डिकीत असतो.

काल परत गेलो मास्तरांकडे, न बोलावता. ॲप काढलंच नाही आधी. बोळाचं तोंड मोजलं, सात फूट दोन इंच, म्हणजे २१८ सेंटीमीटर. ते बघत होते ती गाडी आरसे सोडून १७९. आरसे मिटून आत जाते, पण तिथं अडकली तर एका भिंतीला घासून उभं राहिलं तरी दुसरीकडे ३९ सेंटीमीटर. मास्तर बारीक आहेत, ते निघतील. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग मी गाडीतच राहते." घरासमोर मात्र नऊ फूट आहे, तिथं दार उघडतं, फक्त शेजाऱ्याची स्कूटर हलवावी लागेल.

मी सरळ सांगितलं, ही घेऊ नका, रोज वैताग होईल. आमच्यातलीच अरुंद हॅचबॅक सांगितली, माझा इन्सेंटिव्ह कमी आहे तिच्यावर. मग फरशीवर खडूने तिचा चौकोन काढला आणि त्या चौकोनावर एआरमधली गाडी नेमकी बसवली. ते आवडलं त्यांना. खडू खरा आहे ना. नातवाला फोन दिला नाही. मास्तर चौकोनाभोवती दोनदा फिरले, ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहून हवेतलं दार उघडून बघितलं. शेजारीही बाहेर आले, स्कूटर कुठं लावायची यावर दोघांचं अर्धा तास चाललं. रविवारी टेस्ट ड्राइव्हला येतायत.

संध्याकाळी मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "बरं, मास्तरांकडून डाउनलोड करून घेतलंस का?"

मास्तरांचा फोन बटणांचा आहे.