आभारवही, मोबाईल बंद आणि रात्री साडेनऊचा होमवर्क

जांबोटीकडचा बाप (धागा सुरू):
काल एका गुर्जींची पोस्ट फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. वर्गात रोज शेवटची 5 मिनिटं आभारवही, तीन गोष्टींबद्दल धन्यवाद लिहायचे. इथपर्यंत ठीक. पण पुढं म्हणे घरी 7 ते साडेआठ मोबाईल बंद ठेवा, पोरं मोबाईलच्या नादी लागायला पालकच जबाबदार. डोकं फिरलं म्हणून लिहूलालोय.

अहो गुर्जी, पोरीचा होमवर्क रात्री साडेनऊला ग्रुपवर येतो. फळ्याचा फोटो, तो पण तिरका, मधोमध ट्यूबलाईटची चमक, दोन गणितं दिसतच नाहीत. आमच्याकडं रेंज फक्त तुळशीकट्ट्याजवळ, त्यामुळं पोरगी अंधारात फोन वर धरून उभी. 2020 ला शाळेनंच सांगितलं म्हणून भाताच्या पैशातून तो फोन घेतला, आता तोच राक्षस झाला काय? आणि आभारवही म्हणाल तर सोमवारी लिहिलंय 'आई, बाबा, टीचर', मंगळवारी 'आई, बाबा, टीचर', बुधवारपासून खाली नुसती वर सारखंची टिंबं. मला तर पोरगी हुशार वाटली.

टिळकवाडीची आई:
टिंबं काढते कारण घरी कुणी विचारत नाही. माझा मुलगा सातवीत, त्यानं लिहिलं होतं, 'रिक्षावाल्या मामांनी पावसात माझं दप्तर स्वतःच्या मांडीवर घेतलं.' आम्ही त्या माणसाला दोन वर्षं महिन्याचे पैसे देतोय, मला नाव पण माहीत नव्हतं. आणि मोबाईल बंद अशक्य वगैरे काही नाही. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला 2022 पासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. अख्खं गाव करतंय.

निपाणीचा ऊसवाला:
भोंगा वाजवायला गाव एक लागतंय ताई, आमच्यात दोन भावांचा बांध एक होईना. आणि हे आभार नवीन काय शिकवूलालेत? आमच्यात बेंदूर दोन दोन, कर्नाटकी वेगळा, महाराष्ट्रीय वेगळा. बैलाची शिंगं रंगवायची, पुरणपोळी आधी त्याला, मग आम्ही. पोरगं वहीत काय लिहिणार, त्यानं हातानं केलंय. शाळेत रोज गरम भात-सांबार करणाऱ्या मावश्यांचे आभार मानायचे असतील तर आधी मानधन वाढवा म्हणावं. वहीत धन्यवाद लिहून त्यांची चूल पेटत नाही.

चौथीची बाई:
मी शिक्षिका आहे, इथंच कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागात, शाळेचं नाव विचारू नका. सगळ्यांना टीचरवर तोंड सोडायला बरं जमतंय. हजेरी मोबाईलवर, सॅट्सची (सरकारी विद्यार्थी नोंदणीची) माहिती मोबाईलवर, दूध किती, अंडी किती, केळी किती, सगळं मोबाईलवर. तिसरी-चौथी एकत्र, बाई एक. साडेनऊला होमवर्क टाकते कारण त्याआधी स्वतःच्या पोराला जेवायला घालते.
आभारवही मी पण घेते. इमन्स आणि मॅक्कलो या दोघा मानसशास्त्रज्ञांचा आभार लिहिण्यावरचा 2003 चा प्रयोग आहे, मनात येईल ते नाही करत आम्ही.

जांबोटीकडचा बाप:
तो प्रयोग बघितलाय बाई. कॉलेजच्या पोरांवर, आठवड्यातून एकदा, 10 आठवडे. चौथीच्या पोरांना रोजची शिक्षा नव्हती ती.

चौथीची बाई:
अर्धाच बघितलाय. त्याच पेपरात रोज लिहिणारे गट पण होते.

खानापूर तालुका:
बरं ते असू दे, होमवर्क मराठीत तरी येतो. शाळेची सर्क्युलरं कुठल्या भाषेत येतात ते सांगा की. निव्वळ कन्नड. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाची कागदं त्यांच्या भाषेत द्यायची असा नियम आहे, आमच्या तालुक्यात किती टक्के आहेत ते मोजायला शाळेत जायला नको. माझ्या शेताची पहाणी, म्हणजे सातबारा, कन्नडात. कारखान्याचा मेसेज कन्नडात. मग फोन कुणाच्या हातात देऊ? आठवीतल्या लेकीच्या. तीच वाचते, तीच अर्ज भरते, तलाठ्याला फोन तीच लावते. साडेसात वाजता मोबाईल बंद केला तर माझा पीक विमा कोण भरणार, गुर्जी?

टिळकवाडीची आई:
आला सीमाप्रश्न! धागा मोबाईलचा, आभारवहीचा. लग्नातल्या जेवणावर बोलायला घ्या, तिथं पण 1956 ची राज्य पुनर्रचना काढाल.

खानापूर तालुका:
तुम्हाला टिळकवाडीत बसून विषय संपलाय. माझ्या बापानं न कळणाऱ्या कागदावर अंगठा दिलाय आणि दोन गुंठे गेलेत.

निपाणीचा ऊसवाला:
दादा, दोन गुंठे गेल्याचं वाईट वाटलं, खरंच. पण लेक कन्नड वाचते ती शाळेत शिकली म्हणूनच ना? तुझा बाप शिकला असता तर अंगठा दिला नसता. मी चिकोडीच्या बाजारात दोन्ही भाषांत भांडतो, माझं काही बिघडलं नाही.

खानापूर तालुका:
शिकली म्हणून वाचते. मान्य. शिकण्याला नाही म्हटलंच नाही मी, कागद द्या म्हटलं. आणि ती वाचते तेव्हा मी गप्प शेजारी बसतो, तिच्या तोंडाकडं बघत, चांगली बातमी का वाईट. हे गुर्जींच्या कुठल्या वहीत लिहायचं?

टिळकवाडीची आई:
…हे आधी लिहायचं होतं. टोमणा मारला ते चुकलं. लग्नातलं 1956 मात्र मागं घेत नाही, आमच्या दिराच्या लग्नात झालंय ते, पंगत बसलेली असताना.

चौथीची बाई:
मूळ मुद्द्यावर. सोमवारपासून होमवर्क 4 ला फळ्यावर, पोरांनी वहीत उतरून न्यायचा, ग्रुपवर काही येणार नाही. पण एक सांगते, गेल्या वर्षी हे केलं होतं मी. आठ दिवसांत पालकच म्हणायला लागले, 'पोरगं नीट उतरून आणत नाही, बाई फोटो टाका की.'

जांबोटीकडचा बाप:
ते तुमच्या शाळेत. आमच्या ग्रुपवर 'फोटो टाका की' म्हणणारा कोण म्हणून आत्ता वर जाऊन बघितलं. जूनमधला मेसेज आहे. माझाच.