कुमाऊंची तळी: मुक्काम नैनीतालला करावा की भीमतालला?

सायली_क
नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या तळ्यांकडे जायचं ठरतंय. बाबांचे गुडघे दुखतात, आईला घाटात गाडी लागते. टूरवाल्यांनी नैनीतालच्या मॉल रोडवर हॉटेल दिलंय. एका दिवसात भीमताल, सातताल, नौकुचियाताल आणि दुसऱ्या दिवशी मुक्तेश्वर, राणीखेत, अल्मोडा. बाबांना हिमशिखरं बघायचीच आहेत. मे की दिवाळीनंतर? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

देवदार
सायलीताई, शिखरं हवी असतील तर दिवाळीनंतरच. मे महिन्यात मैदानातली धूळ आणि चीडच्या (पाइनच्या) जंगलांतल्या वणव्यांचा धूर यांनी आकाश पांढुरकं होतं. त्रिशूल, नंदादेवी समोर असूनही बरेचदा दिसत नाहीत. पावसाने हवा धुतली की नोव्हेंबरात मुक्तेश्वरहून सकाळी तीच रांग लख्ख दिसते. नैनी तलावही उन्हाळ्यात खाली गेलेला असतो, नोव्हेंबरात भरलेला मिळतो.

मुक्काम भीमतालला करा. नैनीताल साधारण 1,940 मीटरवर, भीमताल 1,370च्या आसपास, त्यामुळे थंडी सोसेल. तळ्याकाठचा रस्ता बराचसा सपाट आहे, बाबा निवांत फिरतील. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला पोचते, तिथून भीमताल वीसेक किलोमीटर. आईंना पुढच्या सीटवर बसवा.

नैनीताल मात्र वगळू नका, माझं फार लाडकं गाव आहे ते. सकाळी लवकर तल्लीतालला, म्हणजे तळ्याच्या खालच्या टोकाला, उतरा आणि मॉल रोडच्या समोरच्या काठाने, ठंडी सडकेने, झेपेल तेवढं चाला. तिथे गाड्यांचा त्रास नाही. नावाडी फडक्याने नावांवरचं दव पुसत असतात, तेवढाच काय तो आवाज. वरच्या टोकाच्या मल्लीतालहून स्नो व्ह्यू या डोंगरावरच्या पॉइंटला रोपवे आहे, म्हणजे गुडघ्यांना चढ नाही. खालचं मोठं मैदान दिसेल. 18 सप्टेंबर 1880 रोजी तिथे दरड कोसळून 151 माणसं गेली. आजच्या मैदानाचा बराच भाग त्याच मलब्यावर आहे. त्या उतारांवर एकावर एक चढलेली हॉटेलं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून ओळखीतल्या प्रत्येकाला मी मुक्काम दुसरीकडे करायला सांगतो.

तीन गावांचा तो एक दिवस सरळ रद्द करा. आईंचा सगळा दिवस वळणांतच जाईल. फक्त मुक्तेश्वर ठेवा आणि रात्री तिथेच राहा, कारण शिखरं पहाटे मोकळी असतात, दुपारी ढग येतात.

हिरवी_पाऊलवाट
देवदारदादांशी बाकी सहमत, पण मे महिन्याची बाजूही मांडते. तेव्हा काफळ ही रानफळं मिळतात, पुढे भवाली-रामगढकडे जर्दाळू आणि आडू (पीच) येतात. फळांसाठी जाणाऱ्याने तेव्हाच जावं. आणि अल्मोडा अगदीच सोडू नका हो! लाला बाजारात चालत जाऊन ताजी बाल मिठाई खायची: भाजलेल्या खव्याची तपकिरी वडी, वरून साखरेचे पांढरे दाणे. कैंची धामला, नीम करोली बाबांच्या आश्रमात, जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, भवालीपासूनच गाड्या खोळंबतात. 15 जूनला तिथे मोठा मेळा असतो, त्या दिवसांत तर तो रस्ताच नको.

सायली_क
खूप आभार दोघांचे. दिवाळीनंतरचं नक्की केलं, अल्मोडा पुढच्या खेपेला. साततालला वेगळा दिवस द्यावा का? बाबांना पक्ष्यांचं वेड आहे.

देवदार
मग द्यायलाच हवा! उजाडता उजाडता पोचा, दुर्बीण न्या, आणि स्थानिक पक्षी-गाईड आदल्या दिवशी ठरवून ठेवा. बाबांना एका जागी बसवलं तरी झाडांवर भरपूर दिसेल. दुपारी नौकुचियातालला नावेतून फेरी मारा. जेवण होमस्टेमध्ये सांगून ठेवा: भट्ट की चुडकाणी (काळ्या सोयाबीनची आमटी), आलू के गुटके (मसाल्यात परतलेले बटाटे) आणि काकडीचा रायता. रायत्यात वाटलेली मोहरी असते, पहिल्याच घासाला नाकात झणका जातो. आईंना तिखट चालत नसेल तर मोहरी कमी घालायला सांगा.