क्रॉन: दर ४५ मिनिटांनी, आणि पहिल्या सोमवारी

कोठीवाला
उबुंटू सर्व्हर, घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे). क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन कामं लावायची आहेत.
१) स्टॉकचे आकडे दर ४५ मिनिटांनी साइटवर चढवणं. मिनिटाच्या रकान्यात */४५ टाकलं, पण मध्येच १५ मिनिटांत पुन्हा चालतं.
२) महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आपल्या रात्री १ वाजता रिपोर्ट. तारीख १-७, वार १ दिलं, तर पहिला आठवडाभर रोज चालतं आणि शिवाय दर सोमवारी!

खटपट्या
पहिल्याचं सांगतो. */४५ म्हणजे ‘दर ४५ मिनिटांनी’ नव्हे. ० ते ५९ मधून ४५-४५ च्या उड्या मारून जे आकडे सापडतात, म्हणजे ० आणि ४५, तेवढेच क्रॉन घेतो. तास बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. १५, २०, ३० ला त्रास नाही, कारण त्यांनी ६० ला पूर्ण भाग जातो.

४५ चं चक्र ३ तासांनी जुळतं, म्हणून तीन ओळी लिहा:
मिनिट ०,४५ आणि तास */३
मिनिट ३० आणि तास १-२३/३
मिनिट १५ आणि तास २-२३/३

म्हणजे ०:००, ०:४५, १:३०, २:१५, ३:००. शेवटची फेरी २३:१५ ला, तिथून मध्यरात्र बरोबर ४५ मिनिटांवर.

तिन्ही ओळींत कमांडच्या आधी फ्लॉक -एन लावा (एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप), लॉकफाइल एकच. आधीची फेरी रेंगाळली असेल तर नवी गुपचूप माघारी जाते. स्क्रिप्टमध्ये स्वतः फाइल बनवून ‘आहे का’ बघू नका. स्क्रिप्ट मधेच मेली की फाइल तशीच राहते आणि काम कायमचं अडतं. फ्लॉकचं कुलूप प्रोसेस संपली की कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, स्वतःच सोडतो.

दोनप्रहर
तारीख आणि वार दोन्ही भरले की क्रॉन त्यांत ‘किंवा’ धरतो. त्यामुळे वाराच्या रकान्यात तारांकन ठेवा, तारीख १-७, आणि वार कमांडमध्येच तपासा: डेट या कमांडला %यू दिलं की सोमवारी १ मिळतो. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या ओळींची फाइल) % म्हणजे नवी ओळ, म्हणून त्याआधी उलटा स्लॅश हवाच. हाच स्लॅश राहतो आणि लोक तासभर डोकं धरून बसतात.

खरा घोळ पुढे आहे. आपला सोमवार रात्री १ म्हणजे यूटीसीत रविवार १९:३०. सोमवार १ तारखेला आला तर तिथे अजून मागचाच महिना चालू! त्यामुळे वेळेची वजाबाकी करत बसू नका. टाइमडेटसीटीएल या कमांडने सर्व्हर एशिया/कोलकातावर, म्हणजे भारतीय वेळेवर, आणा आणि क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुनीच वेळ धरून बसतो.

खटपट्या
सर्व्हरची वेळ बदलायची मुभा नसेल तर रिपोर्टसाठी सिस्टमडी टायमर (क्रॉनसारखीच लिनक्सची दुसरी सोय) बरा. त्यात वेळ लिहायच्या ऑनकॅलेंडर ओळीमध्ये वार आणि तारीख दोन्ही जुळावे लागतात, ओळीच्या शेवटी टाइमझोनही लिहिता येतो. पर्सिस्टंट ट्रू केलं तर मशीन बंद असताना हुकलेली फेरी सुरू झाल्यावर भरून निघते. लावण्याआधी सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडरला ती ओळ द्या, पुढची तारीख दाखवतो.

कोठीवाला
४५ चं जमलं. रिपोर्ट हाताने चालवला तर होतो, क्रॉनमधून ‘कमांड नॉट फाउंड’.

दोनप्रहर
क्रॉनला तुमचा बॅशआरसी (तुमच्या टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) दिसत नाही. त्याच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जेमतेम यूएसआर-बिन आणि बिन असतात. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या, किंवा क्रॉनटॅबच्या वरच पाथची ओळ लिहा. तिथे डॉलर-पाथ (आधीची यादी जोडायची खूण) उलगडत नाही, सगळे फोल्डर पूर्ण लिहावे लागतात.