उंबरठामधली सुलभा चुकली का?

पावसाळी_ढग: काल साबांबरोबर (सासूबाई हो) उंबरठा (१९८२) परत पाहिला. स्मिता पाटील महिला सुधारगृहाची नोकरी घेऊन परगावी निघाली तशा साबा म्हणाल्या एवढीशी पोर टाकून जाते ती आई कसली. मी म्हटलं टाकून कुठे, जाऊ सांभाळतेय की तिला. त्यावरून जेवणापर्यंत धुसफूस. तुम्हाला काय वाटतं?

खमंग_थालीपीठ: चुकली कसली! माझा सख्खा काका सहा वर्षं मस्कतला होता, दोन पोरं इकडे आजीकडे, तर गावभर कौतुक की बघा घरासाठी किती राबतो. आणि सिनेमातली सासू स्वतः समाजकार्य करणारी ना, म्हणजे समाजकार्य चालतं, फक्त संध्याकाळी घरी परत यायचं.

तिरकस: सॉरी पण मला नाही पटत. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली ते वाईटच, पण मग पोरीला घेऊन बाहेर पड ना. स्वातंत्र्य सुलभाला आणि त्याची किंमत तिच्या लेकीला, राणीला, हे कुठलं गणित?

जुनी_तिकिटं: तिरकस, मुद्दा बरोबर आहे पण तेंडुलकरांनी पटकथेत ते गणित मुद्दामच सुटू दिलेलं नाही असं मला वाटतं. प्रभातचा कुंकू (१९३७) आठवा, मामाने म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही, शांता आपटेंनी काय केलंय ते काम, पण ती सुटते कधी तर म्हातारा जीव देतो तेव्हा. सुलभाचा नवरा चांगला धडधाकट, वकील, समजूतदार वगैरे, तरी ती निघते, हे लोकांना जास्त टोचतं. आणि नंतर नऊच वर्षांनी माहेरची साडी, सोसणारी सून बघायला बायकांची ही गर्दी, माझी आई दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा रडून आली (मी पण गेलो होतो, रडलो नाही असं म्हणणार नाही).

खमंग_थालीपीठ: जुनी_तिकिटं, अनुमोदन, फक्त तो नवरा समजूतदार वगैरे काही नाही हां. जाऊ दिलं म्हणजे उपकार केले का? आणि पोरीला घेऊन जा म्हणणं सोपंय हो तिरकस, सुधारगृहात राहायची नोकरी आहे ती, तिथे चिमुरडीला कुठे ठेवायचं?

पावसाळी_ढग: सगळ्यांना धन्स. साबांना कुंकूचं सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, नीराला कुठे पोर होतं, म्हणून ती तुम्हा सगळ्यांना आवडते. यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.