शब्दचर्चा : तटस्थ, अलिप्त, उदासीन

महासत्तांच्या चढाओढीत सापडलेल्या लहान देशांविषयी लिहिताना मराठीत ‘तटस्थ’ आणि ‘अलिप्त’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या शब्दांची सरमिसळ झाली की त्या देशांनी नेमके काय स्वीकारले आणि काय नाकारले, हेच वाचकाला कळेनासे होते.

‘तटस्थता’ ही मुळात युद्धकाळातील कायदेशीर स्थिती आहे. १९०७ च्या हेग करारांनुसार तटस्थ देशाची भूमी अनुल्लंघनीय ठरते. मात्र लढणाऱ्या कोणत्याही पक्षाचे सैन्य आपल्या भूमीवरून जाऊ न देण्याचे बंधनही त्या देशावर येते. काठावर नुसते उभे राहून भागत नाही, काठ राखावाही लागतो. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी बड्या सत्तांनी १८३९ च्या लंडन करारात दिली होती आणि त्यांत प्रशियाही होता. तरी १९१४ मध्ये जर्मन फौजा त्या देशात घुसल्याच.

‘अलिप्तता’ हे राजकीय धोरण आहे. अलिप्त देश एखाद्या प्रश्नावर उघडपणे बाजू घेऊ शकतो. त्याने नाकारलेले असते ते महासत्तांच्या लष्करी गटाचे सभासदत्व. टिटोंच्या कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाला १९४८ मध्ये कॉमिन्फॉर्ममधून, म्हणजे सोव्हिएत वर्चस्वाखालील कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून, काढून टाकण्यात आले, १९५१ मध्ये त्याने अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला, आणि तरीही अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद १९६१ मध्ये बेलग्रेडलाच भरली. अशा देशाला तटस्थ म्हणणे चूक ठरेल.

‘फिनलंडीकरण’ या शब्दाबाबत अधिक सावध राहायला हवे. तो रूढ झाला पश्चिम जर्मनीतील राजकीय वादांत, बलाढ्य शेजाऱ्यापुढे मान तुकवण्याविषयीचा इशारा म्हणून. फिनलंडने मार्शल योजनेची, म्हणजे युद्धोत्तर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने देऊ केलेली मदत नाकारली, १९४८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला, आणि तेथील वृत्तपत्रे मॉस्कोविषयी हात राखून लिहीत, हे सारे खरेच आहे. हेलसिंकीजवळचे पोर्क्कला सोव्हिएत नाविक तळासाठी द्यावे लागले होते आणि त्या पट्ट्यातून जाणाऱ्या फिनिश आगगाड्यांच्या खिडक्या झडपांनी बंद केल्या जात. परंतु तो तळ १९५६ मध्ये परत मिळाला, आणि संसद, निवडणुका व खासगी उद्योग या साऱ्या काळात शाबूत राहिले. हा शब्द मोजलेली किंमत तेवढी सांगतो आणि त्या किमतीत काय वाचवले ते गाळतो, म्हणून तो अवतरणचिन्हांविना वापरणे मला अन्यायाचे वाटते.

‘उदासीन’ हा शब्द तर येथे टाळावाच. आजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘आस्था नसलेला’ असा होतो, आणि महासत्तांच्या भांडणाविषयी लहान देशाला अनास्था परवडत नाही. राजाराजांमधील संबंध सांगणाऱ्या कौटिल्याच्या मंडलसिद्धांतातील ‘उदासीन’ हा विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा), अरी (त्याचा शत्रू) आणि मध्यम (त्या दोघांच्या सीमेलगतचा राजा) या तिघांहून बलवान, पण त्यांच्या मंडलाबाहेरचा राजा असल्यामुळे जुना अर्थही लागू पडत नाही. दुर्बळ राजासाठी तेथे वेगळा ‘संश्रय’ सांगितलेला आहे, म्हणजे बलवानाचा आश्रय.

राहता राहिला व्हिएतनामचा प्रश्न. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चीनचे अध्यक्ष हनोईत आले, तेव्हा दोन्ही महासत्तांशी संबंध राखण्याच्या अशा धोरणासाठी हमखास वापरला जाणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘तारेवरची कसरत’. त्यातून केवळ अगतिकता सूचित होते. लष्करी आघाडीत सामील होणार नाही, एका देशाविरुद्ध दुसऱ्याची बाजू घेणार नाही आणि परक्या फौजांना तळ देणार नाही, हे व्हिएतनामचे जाहीर धोरण आहे. शिवाय तो १९७६ पासून अलिप्त राष्ट्र चळवळीचा सभासद आहे. त्यामुळे त्याच्यासाठी ‘अलिप्त’ हाच शब्द वापरावा.